परक्या गावचा क्लब

अबू धाबीबाहेरच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या ज्या व्हिलात आम्ही राहत होतो, त्याचे मालकानं पाच भाग करून पाच कुटुंबांना दिले होते. आमच्या वाट्याला मागची बाजू आली होती. दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर आणि बाहेर फरशी घातलेली थोडी जागा, जिथे पाचही घरांच्या एसीची यंत्रं शेजारी शेजारी घरघरत बसलेली असत. त्या आवाजाची मला इतकी सवय होती की डिसेंबरात सगळे एसी बंद झाले की आपल्या कानालाच काहीतरी झालंय असं वाटे. मग हळूहळू इतर आवाज वर येत. मुसफ्फाच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक, मशिदीतली अजान, पुढच्या भागातल्या इजिप्शियन बाईंचं मुलांवर ओरडणं, आणि आईचा मिक्सर. आई घरगुती ऑर्डरी घ्यायची. शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात भाजक्या खोबऱ्याचा आणि लसणाचा वास असा दाटून बसे की माझ्या शाळेच्या दप्तरालाही तो यायचा. वर्गातल्या मुली म्हणत, “मृणाल, यू स्मेल लाइक लंच.” मला लाज वाटायची. आता त्या वासासाठी मी काय देईन, ते विचारू नका.

बाबांचं मुसफ्फात अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवायचं वर्कशॉप होतं. कीथ अंकल आमच्या घरात आले ते त्या खिडक्यांमुळेच. ते एका बांधकामावर इन्स्पेक्टर होते आणि त्यांनी बाबांच्या अठ्ठावीस खिडक्या एका सकाळी नाकारल्या. बाबा मिरजेचे, आवाज चढवल्याशिवाय त्यांना वाद घालता येत नसे. कीथ अंकलना आवाज चढवता येत नसे, पण मागे हटताही येत नसे. दुपारपर्यंत दोघं उन्हात उभे राहून हिंदी-इंग्रजीत भांडले, आणि शेवटी बाबांनीच रबराची पट्टी चुकीची बसल्याचं मान्य केलं. “ही वॉज राइट,” असं घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा आईनं हातातली पळी खाली ठेवली, कारण हे वाक्य तिनं बाबांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. पुढच्या शनिवारी तो लालबुंद माणूस आमच्याकडे जेवायला आला. भरली वांगी खाताना त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता, तरी तो थांबला नाही. खोबऱ्या-लसणाच्या चटणीला त्यानं ‘रेड डस्ट’ असं नाव दिलं. तेव्हापासून शनिवारचं दुपारचं जेवण त्यांचं आमच्याकडे असे. बायको फार पूर्वी सोडून गेलेली, मुलगा ऑस्ट्रेलियात. आई म्हणायची, “एवढा मोठा माणूस, सुटीच्या दिवशी एकटा काय करेल?”

मी दहा वर्षांची असताना त्यांनी मला एक मफलर आणून दिला. बाहेर पंचेचाळीस अंश, आणि माझ्या गळ्यात पांढऱ्या-करड्या लोकरीचा मफलर. तो त्यांच्या गावच्या फुटबॉल क्लबचा होता. इंग्लंडच्या उत्तरेकडचं बंदराचं गाव. एकेकाळी तिथे जहाजांचे दोरखंड वळत, म्हणून क्लबला सगळे ‘रोपर्स’ म्हणत. हा क्लब मोठा नव्हता. टीव्हीवर ज्यांचे सामने दिसतात, ज्यांचे शर्ट दुबईच्या मॉलमध्ये टांगलेले असतात, त्यांतला तर मुळीच नव्हता. तो बहुतेक वेळा हरायचा. शाळेतल्या मुली जगज्जेत्या क्लबांच्या फॅन, आणि मी या हरणाऱ्या दोरवाल्यांची. पण मला ते आवडे. मोठ्या क्लबांवर सगळ्यांचाच हक्क होता, रोपर्स मात्र कुणाला ठाऊकही नव्हते, त्यामुळे ते माझे होते.

दुबईत अल बर्शातल्या एका हॉटेलच्या तळमजल्यावरचा हॉल शनिवारी संध्याकाळी आमचा असे. युएईतले सगळे रोपर्स मिळून वीस-बावीस जण. बहुतेक गोरे, त्या गावचे किंवा आसपासचे, शिवाय दोन मल्याळी भाऊ, एक केनियन नर्स, बाबा आणि मी. बाबांना खेळातलं फारसं कळत नसे. ते मला गाडीतून नेत आणि पडद्यापेक्षा मोबाइलकडे जास्त पाहत. मी मात्र कीथ अंकलच्या शेजारी उभी राहून सगळी गाणी म्हणायची. त्या गाण्यांत गावातल्या रस्त्यांची नावं होती, नदीचं नाव होतं, कुणा जुन्या गोलकीपरचं नाव होतं. अबू धाबीतल्या रस्त्यांची नावं मला धड सांगता येत नव्हती, पण रोपवॉक लेनवरून स्टेडियमकडे कसं वळायचं हे मला झोपेतही सांगता आलं असतं. बारावीनंतर त्याच गावच्या युनिव्हर्सिटीत अर्ज करायचं मी ठरवलं, तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. शिफारसपत्र कीथ अंकलनीच लिहिलं. त्यात एक वाक्य होतं की ही मुलगी आमच्या गावाला आमच्यापेक्षा जास्त ओळखते. ते मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं.

त्या हिवाळ्यात क्लबच्या मालकानं जुनं स्टेडियम विकून गावाबाहेर नवं बांधायचं काढलं. गावात विरोध सुरू झाला. फॅन्सचं एक पेज होतं, ते डेव्ह नावाचा माणूस चालवायचा. त्यानं परदेशातल्या फॅन्सचे व्हिडिओ मागवले. कीथ अंकल शनिवारी जेवताना म्हणाले, “म्रू, तू कर. तुझ्यासारखं कुणाला जमणार नाही.” डेव्हनं मजकूरही पाठवला होता. स्टेडियमकडे जाणाऱ्या सात रस्त्यांची नावं, आणि शेवटी दोन वाक्यं: या रस्त्यांनी आपल्याला घडवलं. ते आपलेच ठेवू या. मी तो मफलर घालून, एसींच्या आवाजापासून लांब, फाटकाशी उभी राहून व्हिडिओ केला. शेवटच्या वाक्याला माझा आवाज खरोखर भरून आला. मी नाटक करत नव्हते, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

आठवड्यानं व्हिडिओ आला आणि पसरला. शाळेत ज्यांनी मला कधी विचारलं नव्हतं त्या मुली तो दाखवू लागल्या. बाबांनी तो मिरजेच्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. मग मी खालच्या प्रतिक्रिया वाचायला बसले. पहिल्या काही छान होत्या. नंतर कुणी लिहिलं होतं, ‘अबू धाबीतल्या या मुलीलासुद्धा कळतं, मग त्यांना का कळत नाही?’ त्यांना म्हणजे कुणाला, हे मला समजेना. एकानं लिहिलं, ‘ही चांगल्यातली आहे.’ त्याच्या खाली दुसऱ्यानं, ‘चांगली असेल तर तिकडेच राहू दे.’ मी पुन्हा व्हिडिओ लावला, आधी मी फक्त स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. माझं बोलणं तेच होतं, पण डेव्हनं माझ्या मागचं आमचं फाटक काढून टाकलं होतं. तिथे माणसांचा एक जमाव होता, झेंडे होते, आणि पाटीवर माझंच शेवटचं वाक्य. गावातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलात आश्रयाला आलेल्या परदेशी कुटुंबांना ठेवलं होतं, त्यांना घालवून द्या म्हणून निघालेला तो मोर्चा होता. पुढे चालणारा डेव्ह. स्टेडियमसाठी भांडणारे आणि या लोकांना हाकलू पाहणारे बरेचसे चेहरे एकच होते, आणि सगळ्यांच्या गळ्यात माझ्यासारखा मफलर होता.

मला राग आला असं सांगितलं तर ते खोटं होईल. पहिले दोन दिवस मला फक्त गोंधळल्यासारखं झालं होतं. इतकी माणसं माझं वाक्य ओरडत होती याचा कुठेतरी आनंदही होता, आणि त्या आनंदाची मला भीती वाटत होती. मी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “यात त्यांचं काय चुकलं? घर त्यांचं आहे. पाहुण्यानं किती दिवस राहायचं ते घरवाल्यानंच ठरवायचं ना? आपण इथे नाही का तसेच राहत? व्हिसा आहे तोवर राहायचं, खलास झाला की बॅग भरायची. मी कधी कुरकूर केली?”

“बट बाबा, आय वॉज बॉर्न हिअर.”

“मग? जन्मलीस म्हणून काय झालं?”

बाबा कठोर नव्हते. त्यांनी आयुष्यभर जी गोष्ट निमूट मान्य केली होती, ती दुसऱ्या कुणी मान्य करू नये हे त्यांना पटत नव्हतं, एवढंच. त्यांच्या मित्रांच्या ग्रुपवर येणारे व्हिडिओही मी कधीमधी पाहिले होते. झेंडे वेगळे होते, हाकलायची माणसं वेगळी होती, ओरडण्याची पट्टी मात्र सारखी होती. हे मी तेव्हा त्यांना म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं का, ते अजून ठरलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मला एका मुलीचा मेसेज आला. नाव नाझिया, माझ्याच वयाची. तिनं लिहिलं होतं की रोपवॉक लेनवर तिच्या अब्बांचं किराणा मालाचं दुकान आहे. गेल्या शनिवारी मोर्चा तिथून गेला तेव्हा कुणीतरी वीट मारली आणि पुढची काच फुटली. अब्बा आत होते. लागलं नाही, पण त्या दिवसापासून ते शटर अर्धंच उघडतात. शेवटी लिहिलं होतं, ‘तुझ्या व्हिडिओत आमच्या रस्त्याचं नाव तिसरं आहे. मी पण रोपर आहे. अब्बा तर डेव्हच्या जन्माच्या आधीपासून मॅचला जातात. तू कोणाला आपलं म्हणत होतीस?’

मी तो मेसेज घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई ज्वारीचं पीठ चाळत होती. मी तिला सगळं मराठीत सांगायला लागले आणि मध्येच इंग्रजीत शिरले, कारण हे सांगायला माझ्याकडे मराठी पुरत नव्हतं. आईनं पूर्ण ऐकलं. मग विचारलं, “त्या मुलीला उत्तर दिलंस?”

“व्हॉट डू आय इव्हन से?”

“वडील कसे आहेत ते विचार. बाकीचं नंतर.”

मी विचारलं. नाझियाचं उत्तर लगेच आलं, की ते टीव्ही बघतायत आणि रेफ्रीला शिव्या देतायत. मग आम्ही बोलत राहिलो. तिला वाटत होतं की मी पैसे घेऊन तो व्हिडिओ केला असेल. मी खरोखर स्टेडियमसाठीच बोलले होते हे तिला पटायला वेळ लागला. तिनं एकदा सहज विचारलं, “तू मूळची कुठली?” मी अबू धाबी लिहिलं, खोडलं, मिरज लिहिलं, तेही खोडलं, आणि तिलाच विचारलं, तू कुठली? ती म्हणाली, “इथलीच. रोपवॉक लेन.” इतक्या सरळपणे मला कधीच उत्तर देता आलं नसतं.

शनिवारी कीथ अंकल नेहमीसारखे जेवायला आले. मी वाढलेलं ताट त्यांच्यासमोर ठेवलं आणि त्यांना मेसेज दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. चेहरा उतरला. “वीट मारणारे मूर्ख असतात,” ते म्हणाले, “डेव्ह तसा नाही.”

“तुम्हाला माहीत होतं का, व्हिडिओ कशासाठी वापरणार आहेत ते?”

ते भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. “थोडंफार,” म्हणाले. “पण हे तुमच्याबद्दल नाही, लव्ह. तुम्ही लोक काम करता. तू वेगळी आहेस.”

“मी तिथे शिकायला गेले, मग तिथेच राहिले, तरी वेगळीच असेन?”

बाबांनी मला डोळ्यांनी खुणावलं, पुरे. पण कीथ अंकलना खोटं बोलता येत नसे. अठ्ठावीस खिडक्यांच्या वेळी त्यांना ते जमलं नव्हतं, आणि आताही जमलं नाही. ते म्हणाले, “किती दिवस राहतेस, त्यावर आहे.”

आईला इंग्रजी पुरतं कळत नसे, पण एवढं कळलं असावं. तिनं त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली नाही. आमच्या घरात पाहुण्याला आग्रह न होण्याची ती पहिलीच वेळ होती.

कीथ अंकलनी डेव्हला व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. तोवर त्याच्या प्रती कुठच्या कुठे गेल्या होत्या. मी म्हटलं, मी दुसरा व्हिडिओ करते, माझं म्हणणं काय होतं ते सांगते. बाबा एकदम घाबरले. त्यांना असं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. “इथे राजकारणावर काही बोलायचं नाही. कुठल्याच देशाच्या. वर्कशॉप आहे, चौदा माणसांचे व्हिसा माझ्या नावावर आहेत. डिलीट कर सगळं आणि विसर.” त्यांची भीती खोटी नव्हती, आणि नाझियाच्या दुकानाची काचही खोटी नव्हती. मी दोन रात्री धड झोपले नाही. तिसऱ्या सकाळी बाबा वर्कशॉपला गेल्यावर आईनं मिक्सर बंद केला, हात पुसले आणि म्हणाली, “दे फोन इकडे. कसा धरायचा सांग.” मी ओट्याला टेकून उभी राहिले. कुणाचं नाव घेतलं नाही, कुठल्या पक्षाचं नाही की देशाचं नाही. एवढंच म्हणाले की मी स्टेडियमबद्दल बोलले होते, माणसांबद्दल नाही, आणि रोपवॉक लेनवरच्या दुकानाचे मालक माझ्याहून जुने रोपर आहेत, माझ्या शब्दांमुळे त्यांना त्रास झाला असेल तर माफी मागते. आईचा हात हलत होता, त्यामुळे मी पूर्ण वेळ तरंगल्यासारखी दिसते. नाझियानं तो तिच्या अकाउंटवरून टाकला. पहिल्या व्हिडिओच्या मानानं तो कुणीच पाहिला नाही. बाबांनी मात्र पाहिला. ते माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत, आणि पाचव्या दिवशी बोलले तेव्हा विषय वर्कशॉपच्या नव्या कटिंग मशीनचा होता.

मी त्या युनिव्हर्सिटीत गेले नाही. पत्र आलं होतं, जागा मिळाली होती, आणि मी बेंगळुरूला गेले. लोकांना मी वेगवेगळी कारणं सांगत आले. फी, हवामान, बाबांची तब्येत. भीतीमुळे गेले नाही का? असेल. रागामुळे? तोही असेल. ज्या गावाला मी सात वर्षं आपलं म्हटलं होतं, तिथे पाय ठेवला की ते आपलं राहणार नाही, हीही भीती होतीच. आता केस पिकले, तरी यातलं नेमकं खरं कोणतं ते मला वेगळं काढता येत नाही. अल बर्शाच्या हॉलमध्ये मात्र मी पुन्हा गेले नाही. कीथ अंकल शनिवारी येत राहिले, थोडे कमी. ते आणि बाबा रबराच्या पट्ट्यांबद्दल बोलत. मी ताट वाढून आत जाई. त्यांचा मला तिटकारा यायला हवा होता असं अनेकदा वाटलं. तो आला नाही, आणि पूर्वीची मायाही परत आली नाही.

मी बेंगळुरूला जायच्या आधीच त्यांची नोकरी संपली. कंपनीला म्हाताऱ्या इन्स्पेक्टरची गरज उरली नव्हती. नोकरी संपली की व्हिसा संपतो. आमच्यासारखाच त्यांचाही. एकतीस वर्षं ते या देशात राहिले होते, पण त्यांना कुणी पाहुणा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि त्यांना स्वतःलाही ते कधी जाणवलं नव्हतं बहुतेक. आम्ही तिघं त्यांचं सामान बांधायला गेलो. त्यांच्या घराच्या रिकाम्या हॉलमध्ये ते उलट्या खोक्यावर बसले होते आणि बाबांना म्हणाले, “अव्ही, मी तिथे आता कुणाला ओळखत नाही. डेव्ह फक्त फोनवर आहे. दूध कुठे मिळतं तेही मला ठाऊक नाही.” त्यांचे डोळे भरले होते. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

मला काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. दया आली, आणि ‘आता कळलं?’ असंही वाटलं, दोन्ही एकदम. मी बॅगेतून पेन काढलं आणि एका खोक्याचा कोपरा फाडून त्यावर नाझियाच्या दुकानाचा पत्ता लिहिला. “मी एकांना ओळखते,” मी म्हटलं. “दूध मिळतं. काच फुटली होती, तेच दुकान.” त्यांनी कागद हातात घेतला. वाचला. शर्टच्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचं विमान होतं, आम्ही त्यांना पोचवून घरी आलो आणि आईनं कुकर लावला.

त्यानंतर त्यांचं पत्र नाही, फोन नाही. बेंगळुरूला माझं दुसरं वर्ष सुरू असताना नाझियानं मला एक फोटो पाठवला. पुन्हा एक मोर्चा, तसलेच झेंडे. दुसऱ्या रांगेत कीथ अंकल, हातात काही नाही, तोंड मिटलेलं, पण उभे होते. तिनं लिहिलं होतं, ‘हाच का तो तुझा माणूस? कारण हा दर मंगळवारी दुकानात येतो. दूध घेतो, कधी मसूर डाळ. फारसं बोलत नाही. मागच्या वेळी अब्बांना थँक यूऐवजी अरबीत शुक्रन म्हणाला आणि स्वतःच लाजून लाल झाला. मी अब्बांना सांगू का, की हा मोर्चात असतो?’

मी तो फोटो मोठा करून पाहिला, मग छोटा केला. माणूस तोच होता. लायब्ररीत माझ्या भोवती मुलं वाचत बसली होती. मी लिहिलं, ‘सांग. त्यांना कळायला हवं.’ पाठवल्यावर मला वाटलं की मी आता म्हाताऱ्याचं दूध बंद केलं.

उत्तर संध्याकाळी आलं. ‘सांगितलं. अब्बांना आधीपासून माहीत होतं.’